एका सकाळची साक्ष

हे मी अजून कुणाजवळ बोललेले नाही. प्रार्थनेत बोलले असेन, पण तिथेही आडून आडून. त्याला सगळं ठाऊकच आहे, मग उघड कशाला, असं स्वतःला सांगत. तुम्ही आज आलात, चहा झाला, ओसरीवर अजून ऊन आहे आणि घाई कुणालाच नाही. म्हणून सुरुवात करते. मध्ये अडखळले तर अडखळू द्या.

आधी एक सांगून ठेवते, म्हणजे गैरसमज नको. मी दुःखी बाई नाही. माझं आयुष्य चांगलं गेलं. माझे यजमान, दाविद मास्तर, जन्मभर माझ्याशी गोडीने वागले, आणि गेले तेही शांतपणे. लेक आशा कल्याणला शिकवते. नातवंडं सुट्टीत येतात आणि माझ्या पेरूच्या झाडाची वाट लावून जातात. शहापुरात पुष्कळ माणसं मला ओळखतात. मंदिरात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पुढच्या बाकावरची माझी जागा कुणी घेत नाही. का घेत नाही? तेच तर सांगायचं आहे. त्या जागेवर मी कशी जाऊन बसले, ते.

मी मूळची नगरकडची, मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली. लग्न झालं आणि मास्तरांबरोबर माळशेज घाट उतरून खाली आले, मुरबाड तालुक्यात, वैशाखऱ्याला. तिथे मिशनची एका खोलीची शाळा होती आणि तिच्या मागे आमचं बिऱ्हाड. बाकी गाव शेतकऱ्यांचं. भात, नाचणी, वरी. ख्रिस्ती घर आमचं एकटंच. लोक वाईट वागत नसत, पण आमच्या घरचं पाणीही पीत नसत. तेहतीस-चौतीस सालची गोष्ट ही. तेव्हाची रीतच ती.

तिथे आशा झाली, ऐन उन्हाळा लागताना. सुखरूप झाली. पोर धडधाकट, मास्तर आनंदात. आणि महिन्याभराने — कसं सांगू? काहीही झालं नाही. हे नीट ऐका, कारण सगळे हेच विचारतात. काय झालं होतं? कुणी गेलं का? भांडण झालं का? काही नाही. एके दिवशी उठले आणि आत कुणी नव्हतंच. चूल तीच, मूल तेच, मी मात्र कुठेतरी लांब उभी राहून बघत होते. पोर रडायची, मला ऐकू यायचं. पण आता उठायचं असतं, हे हातापायांना कळायचं नाही. घास तोंडात घेतला तर तो चावायचा कशासाठी, असं वाटायचं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. शेणामातीने सारवलेली भिंत, तिच्यात गवताची एक काडी अडकलेली होती. त्या काडीकडे मी दिवसच्या दिवस पाहिलं आहे.

आणि प्रार्थना? शब्द आठवायचे, पण वाळल्या शेंगेतल्या दाण्यासारखे नुसते वाजायचे. मास्तर शेजारी बसून प्रार्थना करायचे. शेवटी आमेन म्हणायला मी तोंड उघडायची आणि आवाज यायचा नाही. वाटायचं, प्रभूने माझ्याकडे पाठ केली. मग वाटायचं, नाही, मीच केली असणार. म्हणजे हे पापच. बोर्डिंगात आम्हाला हेच शिकवलं होतं ना — ज्याच्या मनात तारणारा राहतो, त्याचा चेहरा हसरा असतो. मग ज्याचा चेहरा असा, त्याच्या मनात कोण राहत असेल?

मास्तरांनी मिशनला कळवलं, हिवताप आहे. घरच्यांना लिहिलं, हिवताप आहे. त्यांना मी दोष देत नाही. दुसरं काय लिहिणार होते? या दुखण्याला आमच्याकडे नाव कुठे होतं?

नाव शेजारच्या ठकूमावशीकडेही नव्हतं. पण तिची त्याच्याशी ओळख होती.

ठकूमावशी पन्नाशीची, भातशेतीच्या घरातली, आवाजाने मोठी. पोर रडते आहे आणि कुणी उठत नाही, हे तिने दोन दिवस कुडापलीकडून ऐकलं. तिसऱ्या दिवशी सरळ आत आली. आशाला उचलून खांद्यावर टाकलं, माझ्यासमोर उकिडवी बसली. काय झालं म्हणून विचारलं नाही. नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"माझ्या आयलाबी आसंच झालेलं गो," ती म्हणाली. "मी बारकी होते. दोन पावसाळं लागलं तिला. मंग बरी झाली. तूबी होशील. घाय नाय."

घाय नाय! मला तोवर कुणी असं म्हणालं नव्हतं. सगळ्यांनाच मी लवकर बरी व्हायला हवी होते — मास्तरांना, मिशनला, बहुतेक देवालाही.

त्यानंतर ती रोज यायची. "ऊठ गो मास्तरीणबाय, उन्हात बस." मला धरून अंगणात आणायची, डोक्याला तेल लावायची, नाचणीची पेज पाजायची. मांडीवर सूप ठेवायची आणि म्हणायची, तांदूळ निवड. पहिल्या दिवशी मी एक खडा निवडला. ती म्हणाली, "झालं की. एक तर एक." काही दिवस तोही निवडायची नाही. मग ती काहीच म्हणायची नाही. सूप उचलून घरी न्यायची आणि दुसऱ्या दिवशी परत आणायची.

आमच्या घरून परत गेल्यावर ती आपल्या दाराशी पाय धुऊन मगच आत शिरायची. मी ते अंगणातून पाहायची. मला राग यायचा नाही. तिला तिच्या घरात राहायचं होतं. गावातल्या बायकांनी तिला बोल लावले, तेव्हा ती भर रस्त्यात ओरडली होती, "मी इटाळ धुतंय, तुमी तुमची तोंडं धुवा!" पाय ती धुवायची, हे खरं. पण माझ्या डोक्यावर ठेवताना तिचा हात कधी अडखळला नाही.

पावसाळ्यात तिने मला आवणीला, भाताच्या लावणीला नेलं. माझ्याकडून काम काय होणार? बांधावर इरलं देऊन बसवायची आणि भाताच्या रोपांच्या मुठी पुढे द्यायला सांगायची. मी द्यायची. मध्येच पुन्हा आठ-आठ दिवस भिंत आणि काडी. पुन्हा ती यायची. कापणी झाली, झोडणी आली. एके दुपारी तिचा म्हातारा भाताच्या राशीशेजारी बसून शिंकायला लागला. एक, दोन, तीन — थांबेचना. प्रत्येक शिंकेला ठकूमावशी त्याला नवी शिवी द्यायची. आणि मला कुणीतरी हसल्याचा आवाज आला. बघते तर मीच. सगळे माझ्याकडे बघायला लागले. ठकूमावशीने पदराने डोळे पुसले आणि म्हाताऱ्याला म्हणाली, "शिंक रं आजून."

मग नाताळच्या आधी एका सकाळी मी भांडी घासत होते आणि लक्षात आलं, की मी प्रभूची प्रार्थना म्हणते आहे. कधी सुरू केली, ठाऊक नाही. प्रकाश पडला नाही, वाणी ऐकू आली नाही. वळचणीला एक कावळा होता. प्रार्थना संपली, मी आमेन म्हटलं आणि तपेल्याला पुन्हा राख लावली.

उन्हाळ्यापासून नाताळपर्यंत. नऊ महिने.

हे असं झालं होतं. आता मी काय सांगितलं, ते ऐका.

पुढच्या वर्षी शहापुरात मंडळीचा मोठा मेळावा भरला. एक दिवस साक्षींचा होता. प्रभूने आपल्यासाठी काय केलं, ते ज्याने त्याने उभं राहून सांगायचं. माझ्या आधी एक गृहस्थ उठले. त्यांची दारू एका दिवसात सुटली होती. लोक रडत होते. मग मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तरीणबाई, तुम्ही फार आजारी होता. सांगा की."

मी उठले ती खरं सांगायलाच उठले. एवढं तरी माझ्या बाजूने धरा — नाही, नका धरू. त्याने काय फरक पडतो? उभी राहिले आणि मनात शब्द जुळवायला लागले. नऊ महिने मला आमेन म्हणता आलं नाही. एका हिंदू बाईने मला पेज पाजली. एक म्हातारा शिंकला. हे त्या माणसांसमोर, त्या रडणाऱ्या डोळ्यांसमोर ठेवायचं? केवढंसं दिसलं असतं ते! आणि नऊ महिने विश्वासावाचून पडून होते, हे आपल्याच तोंडाने सांगायचं?

मी म्हणाले, "माझ्या मनावर काळोख आला होता. एका सकाळी मी गुडघे टेकले, प्रभूला हाक मारली, आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं झालं. काळोख गेला तो गेला."

हात — बघितलंत? तो हात मी कुठून उचलला, ते तुमच्या ध्यानात आलं असेल. कुणी म्हणेल, ठकूमावशीच्या रूपाने हात ठेवणारा प्रभूच होता. असेल. माझाही तसाच विश्वास आहे. पण तसं म्हणायला आधी ठकूमावशीचं नाव तर घ्यायला हवं होतं! मी तिला पुसून टाकलं आणि तिचा हात तेवढा ठेवून घेतला.

मंडळी गहिवरली. बायकांनी मला मिठ्या मारल्या. परतताना बैलगाडीत मास्तरांनी निजलेल्या आशाला मांडीवर घेतलं. मग हळूच म्हणाले, "नऊ महिने होते ना?"

मी म्हणाले, "ते कुणाला ऐकायचंय?"

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. कधीच नाही. त्यांना ठाऊक होतं, पण मी सांगितलं म्हणून नव्हे. त्यांनी पाहिलं होतं म्हणून.

त्या एका साक्षीने आमचे दिवस पालटले. मास्तरांची बदली शहापूरला झाली आणि मला मिशनने काम दिलं — गावोगाव जाऊन बायकांना शुभवर्तमान सांगायचं, अक्षर शिकवायचं, मुलांच्या खरजेला मलम लावायचं. काम मला मनापासून आवडलं. शेणव्याला जायची, आटगावला जायची, आणि जिथे जाईन तिथे लोक म्हणायचे, बाई, ती सकाळची गोष्ट सांगा. मी सांगायची. सांगून सांगून ती इतकी गुळगुळीत झाली, की कधी कधी मला स्वतःला तो प्रकाश आठवायचा. किती बायकांनी ती ऐकली असेल? त्यातल्या किती घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून पडल्या असतील? मला माहीत नाही. एकीचंच माहीत आहे.

ती माझी नणंद. करुणा.

मास्तरांहून बारा वर्षांनी धाकटी. मी आजारी होते तेव्हा ती नगरला शाळेत होती. तिला हिवतापच ठाऊक. पुढे तिचं लग्न आटगाव स्टेशनात तारेचं काम करणाऱ्या यशवंतरावांशी झालं. शिवणकाम शिकलेली, हसरी, जरा तिखट जिभेची. स्टेशनातल्या सगळ्या बायकांची पोलकी तिच्याकडे यायची. लढाई सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. यशवंतराव सुट्टी काढून आमच्याकडे आले. म्हणाले, "वहिनी, ती बोलत नाही. जेवत नाही. मारलं नाही, काही बोललो नाही. तुम्हाला यातलं कळतं. तुम्ही चला."

मी गेले. दारातूनच ओळखलं. शिवणाच्या यंत्रावर अर्धं पोलकं तसंच होतं, सुई कापडात रुतलेली आणि वर धूळ बसलेली. करुणा खाटेवर, केसांच्या जटा, नजर भिंतीवर. काय झालं, म्हणून मीही विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. त्या घरातला प्रत्येक कोपरा माझ्या ओळखीचा होता.

आणि मी काय केलं? पेज केली? तेल लावलं? तिच्याशेजारी बसून म्हणाले, "करुणा, गुडघे टेक. हाक मार. तो एका क्षणात उचलतो. मला उचललं ना?"

तिने ऐकलं, हे त्यातलं सगळ्यात वाईट. गोणपाट अंथरून ती रोज त्यावर गुडघे टेकायला लागली. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. पंधरा दिवसांनी मी पुन्हा गेले, तर तिचे गुडघे सोलवटलेले. आम्ही पडवीत बसलो होतो. मालगाडी येऊन गेली. गाडीचा आवाज विरल्यावर करुणा माझ्याकडे वळली. कित्येक आठवड्यांत तिने पहिल्यांदाच कुणाच्या डोळ्यांत पाहिलं असेल.

"वहिनी, खरं सांगा. एका सकाळीच?"

तुम्हाला काय वाटतं, माझ्या तोंडाशी काय आलं असेल? खरंच आलं होतं. ठकूमावशी म्हणायला ओठ उघडावेत, बस्स, एवढंच काम होतं. पण मग शेणवं, मग मेळावा, मग पाळकसाहेब, मग माझं काम… सगळं एका धाग्याने उसवत गेलं असतं. समोर एक पोर बुडत होती आणि मी आपली शिवण जपत बसले होते.

मी म्हणाले, "हो. एका सकाळीच."

ती "बरं" म्हणाली. आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

आठवड्याच्या आत ती घरातून निघून गेली. भर दुपारी, यशवंतराव कामावर असताना. गवत कापायला गेलेल्या बायकांना ती नदीत सापडली. कमरेएवढ्या पाण्यात बसून होती. त्यांनी हाका मारल्या, ती हलली नाही. दोघींनी आत उतरून तिला धरून बाहेर काढलं, कोरडं लुगडं नेसवलं आणि चालवत स्टेशनात आणून सोडलं. "बाय पान्यात बसलेली," त्या सांगत होत्या, "थंडीनं निळी झालेली, तरी उठना."

मी पोचले तेव्हा करुणा मला म्हणाली, अगदी शांतपणे, "मी मरायला नव्हते गेले, वहिनी. दमले होते. त्याने तुम्हाला दिलं आणि मला नाही दिलं. म्हणजे मी त्याची नाहीच. मग उठून कुठे जायचं? म्हणून बसले."

त्याच दिवशी मी तिला आमच्या घरी शहापूरला आणली. आणि त्या दिवसापासून, त्या सकाळची गोष्ट सोडून, सगळं बरोबर केलं. तेल लावलं. पेज पाजली. उन्हात बसवली. सूप मांडीवर ठेवलं. गुडघ्यांना मलम लावून म्हणाले, आता टेकायचे नाहीत. तुझ्या वाटची प्रार्थना मी करते, तू नुसती जेव. घाई नाही, असंही म्हणाले. ठकूमावशीचा एकेक शब्द मी तिच्यासाठी वापरला आणि एकदाही तो कुणाचा आहे, हे सांगितलं नाही.

आता एक गोष्ट सांगायची राहिली असती तर बरं, असं मला वाटतंय. पण ते गाळलं तर मग सांगायचं तरी कशाला?

मास्तर एकदा म्हणाले होते, "करुणाला वैशाखऱ्याला नेऊ या. ठकूमावशी आहे." मी म्हणाले, रस्ता खराब आहे, तिला झेपणार नाही. पण मुरबाडला शिक्षकांची बैठक होती, तिथे त्यांना वैशाखऱ्याचं कुणी भेटलं आणि त्यांनी निरोप धाडला. आणि ती आली. साठीची बाई, मिळेल त्या गाडीने, उरलेलं चालत. दोन दिवसांनी शहापूरला पोचली. तिची भाची जवळच्याच गावात दिलेली होती, तिथे उतरून दुसऱ्या दिवशी आमच्या दाराशी आली. डोक्यावर नाचणीच्या पिठाचं गाठोडं. मला बघून केवढी हसली!

"मास्तरीणबाय! जाडी झालीस गो. कुठं हाय तुजी नणंद?"

करुणा आतल्या खोलीत जागीच होती. मला ठाऊक होतं, ठकूमावशी तिच्यापाशी बसेल आणि पहिल्या दमात सांगेल — हिलाबी आसंच झालेलं, आख्खा पावसाळा गेला. लपवण्यासारखं त्यात काही आहे, हे तिच्या स्वप्नातही आलं नसतं. करुणाला जे एक वाक्य हवं होतं, ते माझ्या दारात पायी चालत आलं होतं.

मी दारात उभी राहिले. म्हणाले, "मावशी, ती आत्ताच झोपलीय. डॉक्टरांनी कुणाला भेटू द्यायचं नाही असं सांगितलंय."

डॉक्टर आलाच नव्हता.

ठकूमावशीने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं का? पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले, की नाही कळलं. कळलं असणार. ती ओसरीच्या कडेला बसली. मी पाणी आणलं. वैशाखऱ्याला तिने आमच्या घरचा थेंब घेतला नव्हता; त्या दिवशी तांब्या तोंडाला लावून घटाघटा प्यायली. मग गाठोडं माझ्या हातात दिलं.

"तुला जमंल गो," ती म्हणाली. "तुला म्हायती हाय." आणि उठून चालायला लागली. मी तिला हाक मारली नाही.

करुणाला अकरा महिने लागले. आधी एक खडा, मग दोन. मग एके दिवशी माझ्या भाजीत मीठ जास्त झालं म्हणून ती मला बोलली, आणि मी चुलीपाशी उभी राहून देवाचे आभार मानले. त्या काळात एका रविवारी पाळकसाहेबांनी शास्त्रातली एक गोष्ट सांगितली. एक मोठा संदेष्टा, देवाचा निरोप सांगणारा, रानात झुडपाखाली जाऊन पडला आणि म्हणाला, पुरे झालं, आता मरण दे. देवाने त्याला रागावलं नाही. विश्वास कमी पडला म्हणाला नाही. दूत पाठवला, दूताने त्याला भाकर आणि पाणी दिलं आणि झोपू दिलं. पुन्हा उठवलं, पुन्हा खायला दिलं. "देवाला बोलायचं होतंच," पाळकसाहेब म्हणाले, "पण आधी त्याने जेवू घातलं." मग त्यांनी क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री बागेत प्रार्थना करणाऱ्या प्रभूची आठवण करून दिली, त्याचा जीवही मरणाएवढा खिन्न झाला होता, आणि त्यात पाप नव्हतं. मी बाकावर बसून ऐकत होते. उदास होणं हे पाप नाही, हळूहळू बरं होणं हे कमीपणाचं नाही, हे आता खुद्द व्यासपीठावरून सांगून झालं होतं. मला भ्यायला कारणच उरलं नव्हतं. तरी मी बोलले नाही. म्हणजे मग ती भीतीही नव्हती. मला ती जागा आवडत होती, एवढंच.

त्यानंतर माझ्याकडे मनाने खचलेल्या पुष्कळ बायका आल्या, मुली आल्या, एकदा तर यशवंतरावांचा एक साहेब आला. मी सगळ्यांना जेवू घातलं, उन्हात बसवलं, देवाने तुला टाकलेलं नाही, हे रोज सांगितलं. बहुतेक बरे झाले. त्या कामातलं समाधान खरं आहे, ते मी नाकारत नाही. ठकूमावशी लढाई संपली त्या सुमारास गेली. मला महिन्याने कळलं. करुणा पुन्हा शिवायला लागली, तिला दोन मुलगे झाले, यशवंतरावांच्या बदल्यांबरोबर इगतपुरी, मनमाड असं करत सुखाने राहिली. गेल्या वर्षी ती गेली.

एक दिवस तेवढा सांगायचा राहिला.

करुणा बरी होऊन आटगावला परत जायची होती, त्याआधीच्या रविवारी तिने आपणहून साक्ष द्यायची म्हटलं. शहापूरच्या मंदिरात उभी राहिली. काहीही लपवलं नाही. जटा सांगितल्या, नदी सांगितली, गवत कापणाऱ्या बायकांची नावं विचारून ठेवली होती, ती घेतली. अकरा महिन्यांतला एकेक महिना सांगितला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "वहिनींचा विश्वास मोठा, म्हणून प्रभूने त्यांना एका सकाळी उचलून घेतलं. माझा लहान. मला त्याने चालवत आणलं आणि धरायला वहिनींचा हात दिला. पण मी पोचले."

सगळं मंदिर माझ्याकडे वळलं. हसरे चेहरे, ओले डोळे. करुणाही हसत होती. बाकाच्या टोकाला मास्तर खाली बघत बसले होते.

मी हसले आणि मान डोलावली.

घरी आलो. करुणाच्या निरोपाचं जेवण होतं, मी वडीचा रस्सा केला होता, तो छान झाला होता. मी पोटभर जेवले. मग पदर डोळ्यांवर घेऊन आडवी झाले, आणि मला चांगली गाढ झोप लागली.